जत्रेचे पैसे कनवटीला

प्रश्न : काकू, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन घरची चौदा माणसं टेम्पो ट्रॅव्हलर करून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाणार आहोत. मिस्टर म्हणतात, नोटा बाळगायच्याच नाहीत, फोन टेकवला की झालं. मला धास्ती वाटते, गर्दीत कोणी मशीन घेऊन फोनजवळ आलं तर? माझं पगाराचं खातं त्याच फोनला जोडलेलं आहे. त्यात मे महिन्यात एका वॉटर पार्कमध्ये जेवणाचे ६४० रुपये दोनदा गेले. पहिल्यांदा फोनवर चकरी फिरत राहिली, स्टॉलवाला म्हणाला, 'आवाज आला नाही', म्हणून परत दिले. ते पैसे अजून आले नाहीत. सासूबाईंकडे बटणाचा फोन आहे, मुलगा नववीत आहे. पैशांची सोय कशी लावावी?
— एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, आधी तुमचे ६४० रुपये. मी परभणीला बँकेच्या काउंटरवर ३२ वर्षं काढली. 'जाऊ द्या, सहाशेच तर होते' म्हणून परत गेलेली माणसं मला अजून आठवतात. तुम्ही जाऊ देऊ नका.

ॲपमध्ये त्या दिवसाच्या दोन्ही नोंदी उघडा. पहिल्या नोंदीवर 'अयशस्वी' असेल आणि तरी खात्यातून रक्कम गेली असेल, तर रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम तुमच्या बाजूने आहे. दुकानदाराला केलेला यूपीआय व्यवहार असा अडकला तर ५ दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, तीही तुम्ही न मागता. दोन्ही नोंदी 'यशस्वी' असतील तर पैसे स्टॉलवाल्याच्या खात्यात दोनदा पोचले आहेत. मग तक्रार दुबार वसुलीची होते. यातलं काहीही असलं तरी दोन्ही नोंदींवरचे १२ आकडी व्यवहार क्रमांक कागदावर उतरवा, पासबुकाची ती ओळ खूण करून ठेवा आणि शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

'आवाज आला नाही' याचा अर्थ पैसे आले नाहीत असाच असतो असं नाही. तुमच्या फोनवरून निघालेला निरोप तुमच्या बँकेत जातो, तिथून मधल्या यंत्रणेतून दुकानदाराच्या बँकेत, आणि शेवटी पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या त्याच्या डबीत. डबीत वेगळं सिमकार्ड असतं. त्याला रेंज नसेल तर पैसे पोचूनही डबी गप्प राहते. म्हणून चकरी फिरत असेल तर दुसऱ्यांदा देऊ नका. दोन मिनिटं थांबा, आपल्या खात्याची शिल्लक बघा, दुकानदाराला त्याच्या ॲपमध्ये बघायला सांगा. मागे रांग ओरडली तरी बाजूला उभं राहून बघा. घाईतच पैसे दोनदा जातात.

आता तुमची धास्ती. टेकवून पैसे देण्याचं तंत्र एनएफसी नावाचं. त्याचा पल्ला जेमतेम ४ सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटं. मशीनवर आधी रक्कम टाकावी लागते, तुमच्या फोनचा पडदा उघडलेला असावा लागतो, आणि यूपीआयने थेट खात्यातून देताना सहसा पिनही लागतो. कुलूपबंद फोन पर्समध्ये असताना शेजारून जाणारा माणूस त्यातून पैसे ओढून नेईल, हे होत नाही. काळजी करायचीच तर पर्समधल्या कार्डाची करा. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत कार्ड नुसतं टेकवून, पिन न टाकता खरेदी होऊ शकते. कार्डावर छोट्या कमानींची खूण असेल तर ही सोय त्यात आहे. ते कार्ड पाळण्याच्या रांगेत पडलं तर सापडणाऱ्याला पिन लागणार नाही. बँकेच्या ॲपमध्ये ही सोय बंद करता येते किंवा तिची मर्यादा कमी करता येते. निघायच्या आदल्या रात्री बंद करून टाका, आल्यावर हवी तर चालू करा.

माझी आजी लोह्याजवळच्या माळेगावच्या जत्रेला निघाली की घरातले पैसे पेटीतच ठेवायची आणि जत्रेपुरते कनवटीला खोचायची. कनवटीतले संपले की जत्रा संपली. फोनमध्येही नेमकं तेच करता येतं, म्हणून मी यूपीआय लाइटचा आग्रह धरते. खात्यातून थोडी रक्कम काढून फोनमध्येच वेगळी ठेवायची. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात आणि एकूण शिल्लक ५,००० च्या वर ठेवता येत नाही. प्रत्येक चहा-वडापावसाठी बँकेच्या सर्व्हरकडे जावं लागत नाही, त्यामुळे दुपारी एकच्या गर्दीतही व्यवहार सहसा अडकत नाही. पासबुकातही वीस किरकोळ ओळींऐवजी पैसे भरल्याची एकच ओळ येते. मात्र पिन नाही म्हणजे फोनचं कुलूप पक्कं हवं. आठवड्याची रक्कम एकदम भरू नका, त्या दिवसापुरती भरा. लाइट बंद केलं की उरलेले पैसे खात्यात परत जातात. हे सगळं सेलूतच घरी बसून करा, गाडी घाटात असताना नको.

पाण्याच्या खेळांत फोनच बरोबर नसतो, हे मिस्टरांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मोठ्या पाळण्यांवर सुटी वस्तू नेऊ देत नाहीत, पोहण्याच्या जागी फोन लॉकरमध्ये जातो. दोन वर्षांपूर्वी मी नातवंडांना घेऊन एका वॉटर पार्कला गेले होते. धाकटीला भूक लागली, फोन लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली मुलाच्या मनगटाला आणि मुलगा लाटांच्या तळ्यात. पोरगी रडून रडून थकली, मला काही घेऊन देता आलं नाही. त्या दिवशी कमरेला शंभराच्या दोन नोटा असत्या तर! तेव्हापासून मी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत सुटे पैसे बांधून घेते. काही पार्कांमध्ये मनगटाचा पट्टा देतात, त्यात पैसे भरायचे आणि काउंटरवर पट्टा टेकवायचा. तसा मिळाला तर भरण्याआधीच विचारा की उरलेले पैसे कुठल्या खिडकीवर आणि किती वाजेपर्यंत परत मिळतात. संध्याकाळी ट्रॅव्हलरचा हॉर्न वाजायला लागल्यावर ती खिडकी शोधणं होत नाही. आणखी एक, ओल्या बोटाचा ठसा फोन घेत नाही. आपापल्या फोनचं आकडी कुलूप सगळ्यांना पाठ असू द्या.

क्यूआर स्कॅन करताना पडद्यावर कोणाचं नाव येतं ते दुकानदाराला वाचून दाखवा. त्याच्या कागदावर दुसऱ्यानेच आपला कागद चिकटवल्याचे प्रकार घडतात. पैसे परत देण्यासाठी कोणी पिन टाकायला सांगितला तर तिथेच नाही म्हणा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तरीही फसवणूक झालीच, तर घरी येईपर्यंत थांबू नका, तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

मुलासाठी यूपीआय सर्कल आहे. त्यात तुमच्या खात्यातून तो ठरलेल्या मर्यादेत पैसे देतो, किंवा प्रत्येक वेळी तुमची मंजुरी मागतो. पण एका दिवसाच्या सहलीसाठी मी ते जोडणार नाही. नववीतल्या पोराच्या खिशात दोनशे रुपये द्या. चौदा माणसांत मिळून दोनेक हजारांच्या सुट्या नोटा असू द्या. दोघीतिघींत वाटून ठेवा, एकीच्याच पर्समध्ये नकोत.

सासूबाईंचा बटणाचा फोन या सहलीतला सगळ्यात भरवशाचा. त्याची बॅटरी दोन दिवस टिकते. त्यात तुमच्या बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक जपून ठेवा आणि तोच कागदावर लिहून त्यांच्या बटव्यात ठेवा. तुमचा फोन हरवला तर त्यांच्या फोनवरून लगेच बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड थांबवता येईल. हे त्यांना आधी नीट समजावून सांगा. बाकीचे पाळण्यात असताना सावलीला बसलेल्या त्याच असणार.

दिवाळीला अवकाश आहे. ६४० रुपयांचा अर्ज या आठवड्यातच शाखेत द्या, आणि बँकेने काय उत्तर दिलं ते मला कळवा.