वडिलांचं इलिओस्टोमीचं (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून मल पिशवीत घेण्याचं) ऑपरेशन झालंय. घरी आल्यावर जेवण आणि पिशवी कशी सांभाळायची?

आमच्या अण्णांना पिशवी लागून 2 वर्षं झाली, त्यावरून सांगतो. पहिले 6-8 आठवडे मऊ भात, मुगाचं वरण, केळं. थोडं थोडं, 5-6 वेळा. भाकरी नंतर, तीही वरणात कुस्करून. सांगलीच्या माणसाला भडंग सोड म्हणणं अवघडच, पण शेंगदाणे, बेदाणे, मक्याचे दाणे आतड्याच्या तोंडाशी अडकू शकतात. पिशवीत काहीच येईना आणि पोटात कळा किंवा उलट्या सुरू झाल्या, तर थेट दवाखाना गाठा.

मीठ-पाणी फार जातं. नुसतं पाणी पिऊन भागत नाही. ओआरएस, मीठ घातलेलं ताक द्या (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून).

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा (पोटावरच्या आतड्याच्या तोंडापेक्षा) 2-3 मिलिमीटरच मोठं कापा. आम्ही सुरुवातीला ऐसपैस कापायचो आणि कातडी लाल झाली म्हणून वर खोबरेल चोळायचो! तेलावर चकती चिकटणार कशी? गळती, मग आणखी आग. आता नुसतं कोमट पाणी, आणि टिपून कोरडं.

जड उचलू देऊ नका, हर्निया होतो. चालणं मात्र हवंच. अण्णा रोज सकाळी गणपती मंदिरापर्यंत जाऊन येतात, खिशात एक जादा पिशवी ठेवून.