जावात टाइमझोनचा एकच ऑब्जेक्ट सगळ्या थ्रेडमध्ये वापरला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की टाइमझोनचा ऑब्जेक्ट स्टॅटिक (म्हणजे सगळ्यांत मिळून एकच) करून सगळ्या थ्रेडना, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांना, दिला तर काही बिघडेल का. सगळे नुसते वाचणार असतील तर सहसा नाही. पण त्याला सेटआयडी, सेटरॉऑफसेट अशा मेथड आहेत, म्हणजे मधेच कोणीही त्यात बदल करू शकतो. म्हणूनच डिफॉल्ट (काही सांगितलं नाही तर वापरला जाणारा) झोन देणारं गेटडिफॉल्ट मूळ ऑब्जेक्ट हाती देत नाही, प्रत काढून देतं.

मला दणका बसला तो डिफॉल्ट झोन बदलणाऱ्या सेटडिफॉल्टचा. नागपुरात एका ट्रॅव्हल्सवाल्याचं बुकिंगचं काम पाहत होतो. एखाददुसऱ्या तिकिटावरच वेळ चुकायची. रात्री ११:४० ला काढलेलं तिकीट, त्यावर छापलंय संध्याकाळचे ६:१०. मालकाचा फोन, ‘भाऊ, आमचं घड्याळ बरोबर आहे, तुमचंच पहा.’ माझ्या लॅपटॉपवर तर सगळं ठीक! फरक बरोबर साडेपाच तासांचा, म्हणजे कुठेतरी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) शिरलंय एवढं कळलं, पण कुठून ते सापडायला दोन दिवस आणि बऱ्याच प्लेटी तर्री पोहे लागले.

रात्रीचा रिपोर्ट बनवणारा कोड डिफॉल्ट झोन यूटीसी करायचा आणि काम झालं की परत भारतीय वेळेवर आणायचा. लिहिणाऱ्याला वाटलं, बदल आपल्या थ्रेडपुरता आहे. तो अख्ख्या जेव्हीएमला, म्हणजे ज्यात सगळा जावा प्रोग्रॅम चालतो त्याला, लागतो. त्या काही सेकंदांत ज्याने तिकीट काढलं, तो सापडला. रिपोर्टच्या कोडभोवती सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकच थ्रेड आत सोडणारं लॉक) लावूनही उपयोग नव्हता, कारण बुकिंगचे थ्रेड ते लॉक मागतच नाहीत, ते सरळ डिफॉल्ट वाचतात.

तारखा वाचणारा-छापणारा जुना सिंपलडेटफॉरमॅट स्टॅटिक ठेवला असेल तर तो आधी काढा. त्याच्या पोटात एक कॅलेंडर असतं आणि पार्स (मजकुरातून तारीख वाचणं) काय, फॉरमॅट (तारखेचा मजकूर करणं) काय, दोन्ही त्यातच खाडाखोड करतात. एकाची तारीख दुसऱ्याच्या पावतीवर जाते.

जावा ८ (२०१४) पासून टाइमझोनच्या जागी झोनआयडी आणि सिंपलडेटफॉरमॅटच्या जागी डेटटाइमफॉरमॅटर आहेत. एकदा बनले की बदलत नाहीत, म्हणून बिनधास्त स्टॅटिक फायनल (एकच आणि न बदलणारे) करा. मात्र झोन प्रत्येक ठिकाणी स्वतः द्या, सिस्टमडिफॉल्टवर सोडू नका, नाहीतर वरचंच दुखणं परत. आणखी एक फायदा: चुकून ‘आशिया/कोलकाता’ऐवजी ‘आशिया/नागपूर’ लिहिलंत तर जुना गेटटाइमझोन गुपचूप जीएमटी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची वेळ) देतो, झोनआयडी तिथल्या तिथे एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा, फेकतो.