पडदा, मॅट आणि स्विंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मैदान बंद असलं की मी आठवड्यातून दोनदा गोल्फ सिम्युलेटरवर (पडद्यासमोर फटके मोजणाऱ्या यंत्रावर) सराव करतो. ड्रायव्हरने (सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबने, म्हणजे काठीने) मारलेला चेंडू उजवीकडे वळत जातो. पडद्यावर पाथ उणे ५ आणि फेस अधिक १ दिसतो. शिवाय वीसेक आकडे आणखी. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून उत्तर देतो. बाकीचे आकडे पडद्यावरून काढून टाका, हे दोनच पुरेत. पाथ म्हणजे आघाताच्या वेळी क्लब जातो ती दिशा, फेस म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग. उणे म्हणजे लक्ष्याच्या डावीकडे, अधिक म्हणजे उजवीकडे. आघाताच्या क्षणी फेस जिकडे रोखलेला असतो, साधारण तिकडेच चेंडू सुटतो. तो वळतो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. तुमच्याकडे हा फरक ६ अंशांचा आहे, म्हणूनच चेंडू जवळजवळ सरळ सुटून मग उजवीकडे पळतो.

बहुतेक जण आधी पाथच्या मागे लागतात आणि तिथेच फसतात. समजा पाथ शून्यावर आला, पण फेस पाथपेक्षा ६ अंश उघडाच (उजवीकडे रोखलेला) राहिला, तर चेंडू उजवीकडे सुटेल आणि आणखी उजवीकडे वळेल. असे चार फटके बसले की हात आपोआप जुन्या वाटेवर परततात. म्हणून आधी फेस. डावा हात ग्रिपवर किंचित उजवीकडे फिरवा. उभं राहून खाली पाहिल्यावर मुठीचे दोन ते तीन उंचवटे दिसायला हवेत. आता चेंडू डावीकडे सुटून सरळ जाऊ लागेल. घाबरू नका, हीच खरी प्रगती आहे. हा फरक २ अंशांच्या आत आला की मग पाथकडे वळा. चेंडूच्या साधारण ३० सेंमी मागे आणि त्याच्या रेषेबाहेर, तुमच्यापासून दूरच्या बाजूला, एक वीतभर अंतरावर क्लबचं मऊ कव्हर ठेवा. क्लब बाहेरून आत आला तर कव्हराला धक्का बसेल. ७ नंबरच्या आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या, मधल्या पल्ल्याच्या क्लबने), अर्ध्या स्विंगने सुरुवात करा.

त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. आकडे मोजणारं यंत्र २ अंश तिरकं बसलं असेल, तर पाथ आणि फेस दोन्ही २ अंशांनी चुकतात. त्यांच्यातला फरक मात्र खरा राहतो. म्हणूनच भरवसा फरकावर ठेवावा. दुसरी गोष्ट, चेंडू फेसवर नेमका कुठे लागतो. ड्रायव्हरच्या हीलकडे (फेसच्या दांड्याजवळच्या टोकाला) लागलेला चेंडू आकडे चांगले असूनही उजवीकडे वळतो. फेसवर स्टिकर लावून दहा चेंडू मारा, ठसा दिसेल. स्टिकरमुळे स्पिन (चेंडूची स्वतःभोवतीची फिरकी) बदलतो, त्यामुळे त्या दहा चेंडूंचा स्पिन धरू नका.

एका वेळी साठ चेंडू भरपूर झाले. त्यातले दहा तरी असे मारा की पडद्याकडे पाहण्याआधी तोंडाने अंदाज सांगायचा : फेस उघडा होता की बंद? अंदाज आणि आकडा जुळू लागले, की ही जाण मैदानावरही सोबत येते. शेवटचे वीस चेंडू दर वेळी क्लब आणि लक्ष्य बदलून मारा.

प्रश्न : सिम्युलेटरवर माझे आयर्नचे फटके सुरेख बसतात. मैदानावर मात्र क्लब चेंडूआधी मातीत रुततो. असं का होतं?

उत्तर : कारण मॅट चूक लपवते. क्लब चेंडूच्या ३-४ सेंमी आधी टेकला, तर मातीत तो अडकतो. मॅटवरून घसरत पुढे जाऊन चेंडूला लागतो आणि पडद्यावर अंतर बऱ्यापैकी दिसतं. तेव्हा इथे अंतर पाहूच नका. चेंडूच्या १० सेंमी मागे घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि त्याला न लागता मारा. मॅटवर खडूने आडवी रेघ ओढून, तिच्यावर चेंडू ठेवूनही पाहता येतं : रेघेच्या मागची मॅट घासली गेली, तर चूक तिथेच आहे. उपाय साधा आहे, आघाताच्या वेळी वजन पुढच्या पायावर हवं. कडक मॅटवर रोज खाली ठोकत राहिलात तर कोपर आणि मनगट दुखावतात. दुखू लागलं तर त्या दिवशी थांबा आणि पुढच्या वेळी चेंडू अगदी बुटक्या टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ठेवून मारा.

प्रश्न : सिम्युलेटरवर ड्रायव्हरचं अंतर मैदानापेक्षा बरंच कमी येतं. यंत्र चुकतंय का?

उत्तर : आधी छत पाहा. ते डोक्यावर जवळ असेल तर अंग नकळत स्विंग आखडतं. साधारण ३ मीटर उंची बहुतेकांना पुरते. चेंडू न ठेवता सावकाश पूर्ण स्विंग करून खात्री करा. मागे ठेवलेल्या रडारच्या यंत्राला चेंडू काही अंतर उडताना दिसावा लागतो. खोली आखूड असली तर ते स्पिनचा अंदाज बांधतं. सारख्याच फटक्यांना मिनिटाला एकदा १,८०० आणि एकदा ३,९०० फेरे असा स्पिन दिसला, तर तो आकडा सोडून द्या. बाजूला ठेवायच्या कॅमेऱ्याच्या यंत्राला ही अडचण नसते, मात्र चेंडू स्वच्छ हवा. सेटिंगमधली समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमानही तपासा.

प्रश्न : पटिंगचा (हिरवळीवर चेंडू हलकेच घरंगळवत खळग्यात घालण्याचा) सराव होईल का?

उत्तर : अंतराचा नाही. पडद्यावरच्या उतारावरून खऱ्या हिरवळीचा वेग समजत नाही. दीड-दोन मीटरवरून चेंडू ठरल्या रेषेवर सुटतो का, एवढंच तपासा. त्यासाठी घरातलं गुळगुळीत जाजमही चालेल.