बटणं तयार मिळतात, मग डिझायनर कशाला?

प्रश्न: मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.८. तिला 'डिझाइन सिस्टिम'मध्ये काम करायचंय. मी चौकशी केली. ॲप-वेबसाइटची बटणं, फॉर्म सगळं हल्ली तयार मिळतं, नुसतं जोडायचं. यात भवितव्य काय? मी तिला गेटच्या क्लासला घातलंय. तेव्हापासून ती घरात फारशी बोलत नाही. तिला कसं समजवावं? – एक पालक, सांगली

उत्तर: नमस्कार. मुलगी बोलेनाशी झालीय, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. मला काळजी वाटली ती त्याचीच. या वयात आपल्याला नेमकं काय करायचंय हे फार थोडी मुलं सांगू शकतात. तुमची सांगतेय, आणि तुम्ही चौकशी केलीत ती बाहेरच्यांकडे. ती रात्री लॅपटॉपवर काय करत बसते, कुणाचं काम पाहते, हे पत्रात कुठेच नाही. समजवायचं नंतर बघू. आधी तिच्याशेजारी बसा आणि तिला दाखवायला सांगा. मध्ये बोलू नका.

आता तुमचा गैरसमज. डिझाइन सिस्टिम म्हणजे एखाद्या संस्थेच्या सगळ्या ॲप-वेबसाइटनी वापरायचे बटणं, फॉर्म असे सामायिक घटक आणि ते वापरायचे नियम. बटण तयार मिळतं, कारण कुणीतरी ते तयार केलेलं असतं. साध्या आकाराचं अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांच्या उजळपणात किमान ४.५ : १ एवढा फरक हवा, नाहीतर कमी दिसणाऱ्याला वाचता येत नाही. इंग्रजी 'नेक्स्ट'साठी बेतलेल्या उंचीत 'पुढे' लिहिलं की वरची मात्रा किंवा खालचा उकार कापला जातो. ब्रिटन सरकारची डिझाइन सिस्टिम २०१८पासून सर्वांसाठी खुली आहे. तिथे जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडत नाही. दिवस, महिना, वर्ष अशा तीन चौकटी येतात. पाठ असलेली तारीख टाइप करणं सोपं जातं, म्हणून. असा प्रत्येक निर्णय कारणासकट लिहून ठेवणं हे या कामाचं निम्मं अंग. उरलेलं निम्मं त्याहून अवघड: डेडलाइनच्या घाईत प्रत्येक टीम आपापलं वेगळं बटण करून मोकळी होते. त्यांना सामायिक घटक वापरायला राजी करायचं, त्यांच्या अडचणी ऐकून तो सुधारायचा आणि बदल करताना कुणाचं चालू ॲप मोडू द्यायचं नाही. कोड आणि डिझाइन दोन्ही कळणाऱ्या माणसाची इथे खरी गरज असते, आणि तुमची मुलगी त्याच वाटेवर आहे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. फ्रेशरला थेट अशा टीममध्ये सहसा घेत नाहीत. सुरुवात बहुधा फ्रंटएंड डेव्हलपर, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग कोडमध्ये उभा करणारी, म्हणून होईल, आणि ती चांगलीच आहे. आयबीएमची 'कार्बन' ही डिझाइन सिस्टिम ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचा कोड कुणालाही पाहता येतो आणि त्यात सुधारणा सुचवता येतात. तिथल्या छोट्या चुका दुरुस्त करण्यापासून तिने आत्ताच सुरुवात करावी. एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) करायचं झालं तर आयआयटी मुंबई घेते ती 'सीड' परीक्षा आहे.

गेटचा क्लास थांबवा. तिने मागितला तरच पुन्हा लावा. आणि पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या. सोबत केलेलं काम पाठवलं तर मी ते नक्की पाहीन.