काका साक्षीच्या पिंजऱ्यात येत नाहीत, मग उलटतपास कोणाचा?

थोडक्यात तुमची अडचण अशी: रावेरकडच्या वडिलोपार्जित केळीच्या शेताचा वाटपाचा दावा तुमचा. काका म्हणतात, 1998 लाच तोंडी वाटणी झाली, फेरफार (जमिनीच्या दप्तरातली बदलाची नोंद) बघा. स्वतः मात्र येत नाहीत, मुलाला मुखत्यार (त्यांच्या वतीने कामकाज बघणारा) म्हणून साक्षीला उभं केलंय. प्रतिवादी असलेल्या आत्या म्हणतात, "मले यात नका ओढू."

काकांना तुमचे साक्षीदार म्हणून समन्स काढायचा विचार सोडा. आपण बोलावलेल्या माणसाचा उलटतपास कोर्टाच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. न येणं त्यांनाच जड जाईल. विद्याधर विरुद्ध माणिकराव (1999) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पक्षकार स्वतः शपथेवर येऊन उलटतपासाला सामोरा गेला नाही, तर त्याची बाजू खरी नाही असं गृहीत धरता येतं. शिवाय त्याच न्यायालयाच्या जानकी भोजवानी निकालाप्रमाणे (2005) जे फक्त काकांनाच माहीत, त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही.

म्हणून चुलतभावाला मोजकंच विचारायचं. वाटणीच्या वेळी तुमचं वय किती? बैठकीला तुम्ही हजर होता का? फेरफाराची वर्दी कोणी दिली? आत्यांना नोटीस गेली होती का? वडील आजही शेतात जातात ना? लग्नकार्याला बाहेरगावी जातात ना? बस, इथे थांबा. "मग कोर्टात का येत नाहीत?" हे विचारायला जीभ वळवळते, पण विचारलंत की गुडघे, शुगर, बीपी सगळं बाहेर येणार. तो मुद्दा युक्तिवादाला राखून ठेवा. तुमची बाजू मात्र सुचवायलाच हवी, म्हणजे "वाटणी झालीच नाही" असं त्याच्यासमोर मांडायलाच हवं, नाहीतर त्याचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असा अर्थ निघतो. तो ते नाकारेल आणि जबानीत "वाटणी झालीच नाही हे म्हणणे खरे नाही" असं उतरेल. उतरू द्या.

फेरफाराला घाबरू नका, ती महसुली नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही.

आत्यांवर जोर करू नका. समन्स, वॉरंट सगळं निघतं, पण ओढून आणलेली बाई घरात जे ठरलंय तेच बोलते. मग साक्षीदार फितूर म्हणून उलटतपासाची परवानगी मागा (साक्ष कायद्याचं जुनं कलम 154, नव्या अधिनियमात 157), ही वेगळी कटकट. त्यापेक्षा त्यांना शांतपणे सांगा की मुलीचा हिस्सा त्यांचाही आहे. मुलींच्या वडिलोपार्जित हक्कावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालानंतर (2020) नुसत्या तोंडी वाटणीवर तो सहसा उडवता येत नाही.

प्रतिवादीचा पुरावा चालू आहे म्हणजे तुमचा बंद झाला असणार. आत्या तयार झाल्याच तर पुरावा पुन्हा उघडायचा अर्ज लागेल, वकिलांशी आधी बोलून घ्या.