एनटीएलएम: तिसऱ्या संदेशानंतर पुन्हा ४०१ का येतो?

तुम्ही पायथनमध्ये एचटीटीपीसाठी एनटीएलएम या मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणीकरण पद्धतीची छोटी लायब्ररी लिहीत आहात. पहिला संदेश पाठवल्यावर सर्व्हरकडून आव्हान (हा दुसरा संदेश) व्यवस्थित येते, परंतु त्याचे उत्तर असलेला तिसरा संदेश पाठवल्यावर बहुतेक वेळा पुन्हा ४०१ (‘ओळख पटली नाही’ असा प्रतिसाद) मिळतो, आणि क्वचित मात्र त्याच कोडने आणि त्याच पासवर्डने प्रवेश मिळतो, असे तुम्ही लिहिले आहे. या वर्णनातला ‘क्वचित’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. हॅशची, म्हणजे पासवर्डपासून काढलेल्या ठशाची, आकडेमोड चुकत असती तर ती प्रत्येक वेळी चुकली असती. त्यामुळे दोष बहुधा गणितात नसून कनेक्शन हाताळण्यात आहे.

एचटीटीपीत प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असते आणि डायजेस्ट या दुसऱ्या प्रमाणीकरण पद्धतीचे आव्हान-प्रतिसाद हे तत्त्व पाळतात, कारण तिथे सर्व्हरने दिलेला नॉन्स (आव्हानाचे मूल्य) उत्तराच्या हेडरमधूनच परत जातो. एनटीएलएम तसे वागत नाही. सर्व्हर आठ बाइटांचे आव्हान देतो आणि ते ज्या टीसीपी कनेक्शनवर दिले त्याच कनेक्शनशी जोडून लक्षात ठेवतो. तिसरा संदेश दुसऱ्या कनेक्शनवरून गेला तर तिथे कोणतेही आव्हान दिलेलेच नसते, आणि उत्तर अचूक असूनही सर्व्हर ते नाकारतो. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या पोटात युआरएललिब३ चा कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा, असतो. ४०१ च्या प्रतिसादाचा मजकूर शेवटपर्यंत वाचला गेला नाही तर ते कनेक्शन पुलात परत येत नाही आणि पुढच्या विनंतीसाठी गुपचूप नवे कनेक्शन उघडले जाते. म्हणून आव्हान हाती आल्यावर आधी प्रतिसादाचा संपूर्ण मजकूर वाचा, मग कनेक्शन स्पष्टपणे पुलाला परत करा आणि त्यानंतरच तिसरा संदेश पाठवा. अनेक थ्रेड एकच सेशन वापरत असतील तर एवढ्यानेही भागत नाही, कारण तुम्ही परत केलेले कनेक्शन दुसरा थ्रेड तेवढ्यात उचलू शकतो. अशा वेळी प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र सेशन देणे हाच मला खात्रीचा मार्ग वाटतो.

हे तपासणे सोपे आहे. वायरशार्क या नेटवर्कची वाहतूक दाखवणाऱ्या साधनात पहिला आणि तिसरा संदेश ज्या पोर्टवरून निघाला तो पाहा. टीएलएस एन्क्रिप्शनमुळे आतला मजकूर दिसला नाही तरी पोर्ट क्रमांक दिसतोच. दोन क्रमांक वेगळे असतील तर हॅशच्या कोडला हात लावू नका. क्रमांक एकच असूनही कधी जमते, कधी जमत नाही असे होत असेल, तर मधे एखादा प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर आहे का ते विचारा. तुमच्या बाजूचे कनेक्शन एकच असले तरी तो पलीकडे प्रत्येक विनंती निराळ्या कनेक्शनवरून पाठवत असू शकतो. एचटीटीपी/२ वर एका कनेक्शनवर अनेक विनंत्या एकमेकींत मिसळून जातात, त्यामुळे तिथे ही पद्धत बसतच नाही आणि मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा वेब सर्व्हर अशा वेळी एचटीटीपी/१.१ वर उतरतो.

याच संदर्भात पोस्ट (सर्व्हरला मजकूर पाठवणाऱ्या) विनंतीचा मुद्दा येतो. पहिल्या संदेशाबरोबर मोठी फाइल पाठवू नका, मजकुराची लांबी शून्य ठेवा आणि खरा मजकूर तिसऱ्या संदेशाबरोबर द्या. मजकूर फाइलमधून वाचला जात असेल तर सुरुवातीची जागा लक्षात ठेवून दुसऱ्यांदा पाठवण्यापूर्वी तिथे परत जावे लागते, नाहीतर प्रमाणीकरण यशस्वी होते आणि सर्व्हरकडे रिकामी फाइल पोहोचते.

कनेक्शनचा प्रश्न सुटला तरी गणिताची परीक्षा सर्व्हरपासून वेगळी घ्या, कारण सर्व्हर ‘नाही’ एवढेच सांगतो, कुठे चुकले ते सांगत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एमएस-एनएलएमपी या जाहीर तपशिलात ठरावीक वापरकर्ता, पासवर्ड, डोमेन आणि आव्हाने घेऊन प्रत्येक टप्प्याचे उत्तर बाइटनिशी छापलेले आहे. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे फंक्शन लिहा आणि क्लायंटचा यादृच्छिक आकडा व वेळ ही दोन्ही मूल्ये बाहेरून देता येतील अशी रचना ठेवा, म्हणजे ती उदाहरणे जशीच्या तशी चाचणीत वापरता येतील. प्रत्यक्ष वापरात मात्र तो आकडा रँडम मॉड्यूलमधून न घेता सीक्रेट्स मॉड्यूलमधूनच घ्या.

गणित थोडक्यात असे आहे. पासवर्डचे यूटीएफ-१६ रूप घेऊन त्याचा एमडी४ हॅश काढायचा. तो किल्ली म्हणून वापरून, मोठ्या अक्षरांत केलेले वापरकर्त्याचे नाव आणि त्याला जोडलेले डोमेन यांचा एचमॅक-एमडी५ (किल्ली घालून केलेला हॅश) काढायचा. या दुसऱ्या किल्लीने सर्व्हरचे आव्हान आणि क्लायंटची माहिती यांचा पुन्हा एचमॅक-एमडी५ काढायचा. चुका या तीन वाक्यांच्या फटींत दडतात. पायथनमध्ये नुसते ‘यूटीएफ-१६’ असे एन्कोडिंग दिले तर सुरुवातीला दोन बाइटांची खूण चिकटते आणि सगळे हॅश बिघडतात, म्हणून लिटल एंडियन (लहान बाइट आधी) हा प्रकार नाव घेऊन मागावा लागतो. मोठी अक्षरे फक्त वापरकर्त्याच्या नावाची करायची, डोमेनची नाहीत. ही चूक मी स्वतः केली होती. साम्बासारखा (विंडोजच्या सेवा देणारा मुक्त) सर्व्हर डोमेनची वेगवेगळी रूपे वापरून पाहतो, त्यामुळे माझ्या चाचण्या निर्धोक पार पडल्या, आणि एका ग्राहकाच्या जागी, जिथे लोक डोमेन छोट्या अक्षरांत लिहीत होते, तिथे कोणालाच प्रवेश मिळेना. कारण सापडायला चार दिवस लागले, ते निव्वळ मी छापील उदाहरणांऐवजी चालत्या सर्व्हरवर विश्वास ठेवला म्हणून.

देवनागरी पासवर्डाबद्दलही एक सांगतो. आपल्या लिपीत मोठी-छोटी अक्षरे नसल्याने तो त्रास नाही, पण ‘तऱ्हा’ मधला ऱ एका कोडबिंदूने लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता अशा दोन बिंदूंनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, हॅश मात्र निराळे येतात. लायब्ररीने इथे स्वतःहून कोणतेही सामान्यीकरण करू नये. वापरकर्त्याने जे दिले तेच पुढे जावे आणि हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले असावे.

एमडी४ चा अडथळा तुम्हाला लवकरच भेटेल. २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० ने तो जुन्या अल्गोरिदमांच्या वेगळ्या गटात टाकला. तो गट चालू केलेला नसेल तर पायथनच्या हॅशलिबकडून एमडी४ मागितल्यावर असमर्थित प्रकाराची तक्रार येते. वापरकर्त्याला त्याच्या यंत्रावरील ओपनएसएसएलची मांडणी बदलायला सांगणे मला योग्य वाटत नाही. एमडी४ म्हणजे तीन फेऱ्यांत विभागलेल्या ४८ पायऱ्या. शुद्ध पायथनमध्ये तो शंभरेक ओळींत बसतो, आणि १९९२ च्या आरएफसी १३२० मध्ये त्यासाठी सात चाचणी-नमुने दिलेले आहेत.

आता तिसऱ्या संदेशाची बांधणी. सर्व्हरने आव्हानाबरोबर पाठवलेल्या माहितीच्या यादीत वेळ दिलेली असेल तर तीच वापरा, आपल्या घड्याळाची नको. नसेल तर १ जानेवारी १६०१ पासूनचे १०० नॅनोसेकंदांचे एकक मोजावे लागते, म्हणजे युनिक्सच्या सेकंदांत ११६४४४७३६०० मिळवून त्याला एक कोटीने गुणायचे. सर्व्हरने वेळ दिली असेल तेव्हा एलएम या जुन्या प्रकारच्या उत्तराच्या जागी २४ शून्य बाइट जातात आणि संदेशात एमआयसी हा १६ बाइटांचा अखंडता-शिक्का घालावा लागतो. हा शिक्का तिन्ही संदेशांवर मिळून काढला जातो, म्हणून पहिले दोन संदेश तारेवरून जसे गेले-आले त्याच बाइटांत जपून ठेवा. ते पुन्हा बांधून पाहू नका, कारण त्यात एक बाइट जरी हलला तरी शिक्का खोटा ठरतो. एमआयसी आणि आवृत्तीसह तिसऱ्या संदेशाचे शीर्ष ८८ बाइटांचे होते. अनेकांचा कोड त्यानंतरच्या मजकुराचे स्थान ७२ पासून मोजतो आणि तिथेच फसतो. स्ट्रक्ट मॉड्यूल वापरताना लिटल एंडियनचे चिन्ह प्रत्येक वेळी लिहा, कारण ते नसेल तर पायथन यंत्राच्या सोयीने मधे भरीचे बाइट घालू शकते. किल्लीच्या देवाणघेवाणीचा फ्लॅग मागू नका. एचटीटीपीला त्याची गरज नसते आणि त्यामुळे आरसी४ सायफर लिहिण्याचे कामही वाचते.

एचटीटीपीएसवर सर्व्हरने विस्तारित संरक्षण सक्तीचे केले असेल तर टीएलएस प्रमाणपत्राचा हॅशही उत्तरात गुंफावा लागतो. इथेही सर्व्हर नुसता ४०१ देतो, म्हणून ‘एका सर्व्हरवर नेहमी चालते, दुसऱ्यावर कधीच नाही’ असे दिसले की आधी हे तपासा. प्रमाणपत्राची सही एमडी५ किंवा शा-१ ने केलेली असेल तर शा-२५६ वापरायचा, अन्यथा सहीत जो हॅश आहे तोच.

शेवटी लायब्ररीच्या धोरणाबद्दल माझे स्पष्ट मत नोंदवतो. जुन्या एनटीएलएमव्ही१ चा पर्याय ठेवूच नका, कोणी मागितला तरी. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून तो काढून टाकलेला आहे, आणि जून २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एनटीएलएमच्या सर्वच आवृत्त्या कालबाह्य ठरवल्या आहेत. एनटी हॅशला (वर काढलेल्या एमडी४ हॅशला) सॉल्ट, म्हणजे मिसळलेले यादृच्छिक मूल्य, नसतो आणि तो हाती लागला तर पासवर्डाची गरजच उरत नाही, म्हणून तो मेमरीत आवश्यक तेवढाच वेळ ठेवा. तिसरा संदेश डीबग लॉगमध्येही छापू नका, कारण त्यावरून घरी बसून पासवर्डाचे अंदाज पडताळता येतात. सर्व्हर निगोशिएट (दोन्ही बाजूंनी पद्धत ठरवण्याची सोय) देऊ करत असेल आणि करबेरॉस ही तिकिटांवर चालणारी पद्धत शक्य असेल, तर तुमच्या लायब्ररीने आधी तिकडे जावे आणि एनटीएलएम फक्त वापरकर्त्याने स्वतः चालू केल्यावरच वापरावे. आज मात्र त्या दोन पोर्ट क्रमांकांपासून सुरुवात करा, आणि ते एकच निघाले तर आव्हानाच्या संदेशातील फ्लॅग व माहितीची यादी इथे द्या. सर्व्हरची व डोमेनची नावे तेवढी झाकून टाका.