रंगीत पोर्टेबल ग्रामोफोन घेण्यापूर्वी

रंगीत पोर्टेबल ग्रामोफोन घेण्याचा आपला उत्साह पाहून आनंद झाला. तरीही पहिली खरेदी लाल किंवा निळ्या पेटीची नसावी, असे मी आग्रहाने सांगेन. १९३१ मध्ये बाजारात आलेले एचएमव्ही (हिज मास्टर्स व्हॉइस) कंपनीचे १०२ हे पोर्टेबल यंत्र काळ्या रंगात आजही सहज मिळते, आणि मूळ आवरणाचा पोत, शिवण व कडांची घडी कशी असते हे त्यावरच नीट शिकता येते. ही ओळख नसताना दुर्मीळ रंगाच्या मागे धावणे हीच नवोदितांची सर्वांत मोठी चूक आहे.

रंग अस्सल आहे का, हे वरून कळत नाही. मूठ, कुलपे आणि बिजागऱ्या यांच्या कडेला, तसेच उन्हापासून झाकलेल्या आतल्या घड्यांत पाहा: तेथे मूळ छटा अधिक गडद राहिलेली असते, आणि नंतर रंग फासलेला असल्यास तो बहुधा धातूच्या कडेवर उतरलेला दिसतो. अगदी एकसारखा, ताजा रंग दिसला तर थांबा.

घरी आणल्यावर इतके पाळा:

- आवरणावर स्पिरिट किंवा बूटपॉलिश लावू नका; गेलेला रंग परत येत नाही.
- पोलादी सुई तबकडीच्या प्रत्येक बाजूला बदला.
- या ग्रामोफोनवर विनाइल (मऊ प्लास्टिकची) तबकडी कधीही वाजवू नका.

साउंडबॉक्सची (सुईच्या कंपनांतून आवाज निर्माण करणाऱ्या भागाची) दुरुस्ती सध्या बाजूला ठेवा. फिकट पण अस्सल पेटी मला नव्याने रंगवलेल्या पेटीहून कितीतरी मोलाची वाटते.